हायस्कूलची कोर्स लिस्ट दरवर्षी बदलते, पालकांनी काय बघायचं आणि कधी बोलायचं

अमेरिकेत मूल नववीत गेलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांना तेव्हा कळतं की इथं सायन्स-कॉमर्स-आर्ट्स असं एकदाच निवडून मोकळं होता येत नाही, दरवर्षी एकेक विषय निवडायचा, आणि ज्या यादीतून निवडायचा ती यादीच दरवर्षी बदलते. मॅथवाले एखादा कोर्स बंद करतात, सायन्सवाले नवीन आणतात, आणि आपल्याला हे समजतं ऑगस्टमध्ये, टाइमटेबल हातात पडल्यावर. तेव्हा फारसं काही करता येत नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी वेळापत्रक समजून घ्या. डिस्ट्रिक्टप्रमाणे (म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) थोडं पुढेमागे होतं पण साधारण असं चालतं: शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत डिपार्टमेंटचे शिक्षक नवीन कोर्सचा प्रस्ताव देतात, तो डिस्ट्रिक्टच्या कमिटीतून स्कूल बोर्डापुढे जातो, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास नवीन कोर्स कॅटलॉग येतो, आणि त्यानंतर मुलं पोर्टलवर आपल्याला काय हवं ते भरतात. या भरलेल्या रिक्वेस्ट मोजूनच कुठल्या कोर्सचे किती वर्ग, कोण शिकवणार, कुठल्या पिरियडला हे सगळं ठरतं. म्हणजे कॅटलॉगमध्ये छापलंय म्हणून कोर्स होणारच असं अजिबात नाही, पुरेशी मुलं आली नाहीत तर तो रद्द होतो आणि शिक्षकाला दुसरा वर्ग दिला जातो. म्हणून मुलाला एखादा छोटा कोर्स खरंच हवा असेल तर "नंतर बदलून घेऊ" म्हणू नका, पहिल्याच फेरीत मागा, त्याच्या मित्रमैत्रिणींनाही सांगा. आणि पर्यायी विषयांचे रकाने रिकामे सोडू नका, कारण पहिली निवड बसली नाही तर शाळा तिथूनच उचलते, तिथंही काही नसेल तर जिथं जागा आहे तिथं बसवतात. ज्या कोर्सचा एकच वर्ग असतो तो बँड किंवा ऑर्केस्ट्राच्या पिरियडला आला तर दोन्हीपैकी एक सोडावा लागतो, हे काउन्सेलरला (विषय निवडायला मदत करणारे शाळेतले मार्गदर्शक) आधीच विचारून ठेवा.

आता कॅटलॉग कसा वाचायचा. मागच्या वर्षीची पीडीएफ जपून ठेवा आणि नवीन आली की दोन्ही शेजारी उघडा. काय गेलं, काय आलं, कशाचं फक्त नाव बदललं, आधी कुठला कोर्स झालेला लागतो ती अट बदलली का, वर्षभराचा कोर्स सेमिस्टरचा झाला का, जीपीएमध्ये (सगळ्या विषयांच्या ग्रेडच्या सरासरीत) जादा वजन आहे का. नाव बदललेल्या कोर्सकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण आत काय बदललं ते नावावरून कळत नाही.

उदाहरण घ्या, 2023-24 पासून कॉलेज बोर्डाचा एपी प्रीकॅल्क्युलस सुरू झाला (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, त्यांची परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था घेते) आणि काही शाळांनी आपला ऑनर्स (जरा वरच्या पातळीचा) प्रीकॅल्क काढून तो आणला. पण त्याच्या परीक्षेत चारपैकी पहिले तीनच युनिट असतात, चौथं (पॅरामेट्रिक फंक्शन, व्हेक्टर, मॅट्रिक्स) शिकवायचं की नाही ते शाळेवर आहे. मुलगी पुढे बीसी कॅल्क्युलस (एपीच्या दोन कॅल्क्युलस कोर्सपैकी मोठा) घेणार असेल तर पॅरामेट्रिक आणि व्हेक्टर तिथं लागतात, म्हणून शिक्षकांना सरळ विचारा की चौथं युनिट शिकवता का. तसंच एपी फिजिक्स 1 मध्ये 2024-25 पासून फ्लुइड्स आलं, ते आधी फिजिक्स 2 मध्ये होतं, तर मोठ्या भावाची जुनी गाईडं धाकट्याला देताना हे बघा.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी अजून एक गोष्ट बघायलाच हवी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला (यूसी) प्रवेशासाठी ए-जी यादीतले (ए ते जी अशा सात विषयगटांतले) 15 वर्षभराचे कोर्स लागतात आणि नवीन कोर्स त्या यादीत आपोआप जात नाही, शाळेला तो मंजूर करून घ्यावा लागतो. यूसीच्या साइटवर शाळेचं नाव टाकून यादी बघता येते, पाच मिनिटांचं काम आहे. अल्जेब्रा 2 ऐवजी डेटा सायन्स घेतलं तर चालेल असं बरेच जण समजत होते, पण 2023 मध्ये यूसीने स्पष्ट केलं की सुरुवातीच्या पातळीचे असे कोर्स अल्जेब्रा 2 ची जागा घेऊ शकत नाहीत. डेटा सायन्स वाईट नाही, माझ्या मते छान विषय आहे, पण अल्जेब्रा 2 झाल्यावर घ्या. शिवाय 2024 च्या कायद्यानुसार तिथं पर्सनल फायनान्सचा सेमिस्टरचा कोर्स 2027-28 पर्यंत सगळ्या हायस्कूलना द्यावाच लागणार आहे आणि 2030-31 ला पास होणाऱ्या बॅचपासून तो सक्तीचा आहे, म्हणजे जी मुलं आत्ता मिडल स्कूलला आहेत त्यांच्या चार वर्षांच्या प्लॅनमध्ये ती जागा धरून चाला.

काउन्सेलरला लिहिताना लांबलचक लिहू नका, त्यांच्याकडे शेकडो मुलं असतात. असं काहीतरी पुरे: "माझ्या मुलाने हा कोर्स मागितलाय. पुढच्या वर्षी तो नक्की होणार का, किती वर्ग असतील, आणि रद्द झाला तर त्याच पातळीचा दुसरा कुठला मिळेल?" मीटिंगला मुलालाही न्या आणि त्यालाच बोलू द्या, इथं शाळा मुलाचं म्हणणं फार मानतात आणि ते योग्यच आहे.

कोर्स बंद होणार असं कळलं तर प्रिन्सिपलवर चिडून उपयोग नाही. बोर्डाच्या मीटिंगचा अजेंडा आधी वेबसाइटवर लावतात आणि पालकांना बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, ती वापरा. "आमच्या मुलांवर अन्याय झाला" यापेक्षा किती मुलांनी मागितलाय, पुढचा कुठला कोर्स त्यावर अवलंबून आहे, कम्युनिटी कॉलेजमधून ड्युअल एनरोलमेंटने (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स घेऊन) तो मिळेल का, असं मुद्द्याचं बोललं की ऐकतात. आणि हे सगळं रिक्वेस्ट भरायच्या आधी करा.

शेवटी आपल्या भाषेचं. वर्ल्ड लँग्वेज डिपार्टमेंटमध्ये मराठी बहुतेक ठिकाणी नसते, पण मूल मराठी शाळेत जात असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं का हे डिस्ट्रिक्टला लेखी विचारा, काही ठिकाणी देतात. बऱ्याच राज्यांत सील ऑफ बायलिटरसी आहे (इंग्रजीसोबत दुसरी भाषा लिहिता-वाचता येते याची हायस्कूल संपताना मिळणारी मान्यता), त्यासाठी भाषेची परीक्षा द्यायची तर अवांत कंपनीच्या भाषा परीक्षांमध्ये मराठीही आहे, पण तुमची शाळा ती मानते का आणि किती स्कोअर लागतो हे नववी-दहावीतच विचारून घ्या, म्हणजे लिहायच्या सरावाला वेळ मिळेल, कारण आपली मुलं घरी मराठी बोलतात पण देवनागरीत चार ओळी लिहायला त्यांना जड जातं.