किंडलवर मराठी मजकूर चढवताना या चुका टाळा

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा... बेळगाव भागात मराठी साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू झाला की व्हॉट्सॲपवर स्मरणिकांच्या पीडीएफ फिरू लागतात. घरात कोणाकडे तरी किंडल, म्हणजे ॲमेझॉनचे ई-पुस्तके वाचायचे यंत्र, असते. फाइल एखाद्या फुकट कन्व्हर्टरमध्ये टाकायची, ईपब (ई-पुस्तकाची फाइल) उतरवून घ्यायची, किंडलवर पाठवायची आणि उघडल्यावर कपाळाला हात लावायचा. मग खापर फुटते यंत्रावर: ‘किंडलला मराठी येत नाही.’ हे साफ खोटे आहे. ॲमेझॉन २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तके विकते. दोष फाइलमध्ये असतो आणि तो पाठवण्याआधी दोन मिनिटांत कळू शकतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच: डोळ्यांना मराठी दिसते म्हणून फाइलही मराठी आहे असे धरून चालणे. आपल्याकडच्या छापखान्यांत वर्षानुवर्षे काम झाले ते श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. तुम्हाला ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये असतात एच आणि डॉलरचे चिन्ह. ‘भारत’ हा शब्द आत टोपीचे चिन्ह, एम, ए आणि व्ही असा साठवलेला असतो. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत गुंडाळलेला असल्याने सगळे सुरळीत दिसते. ईपब करताना तो फॉन्ट गळतो आणि खालचा काला वर येतो.

एका गावच्या स्मरणिकेचे असेच झाले. कार्यकर्त्याने उत्साहाने ईपब केली, न उघडताच सगळ्या वर्गणीदारांना पाठवली, आणि प्रत्येक पानावर नुसती रोमन अक्षरे नि डॉलर. मूळ फाइल मागायला छापखान्यात गेले, तर डीटीपीवाल्याने दरम्यान मशीन बदललेले आणि जुनी डिस्क पुसलेली. हातात उरली ती पीडीएफ. त्यातला मजकूर काढून, बदलून, दोन शिक्षकांनी ओळ न् ओळ ताडून पाहिली तेव्हा कुठे ती वाचण्याजोगी झाली. जात्यावरच्या ओव्या, गावाचा इतिहास, सीमाप्रश्नाच्या आठवणी हे सगळे या भागात मोजक्या प्रतींत छापले जाते. त्याची एकमेव फाइल कोणाच्या तरी मशीनवर सोडून द्यायची नसते. छपाईचे बिल चुकते करतानाच मूळ फाइल, वापरलेला फॉन्ट आणि त्याचे नेमके नाव पेनड्राइव्हवर घ्या.

तपासणी अशी करा. पीडीएफ उघडून डोळ्यांसमोर असलेला एखादा शब्द, समजा ‘बेळगाव’, शोधपट्टीत टाका. सापडला तर ठीक. नाही सापडला तर एक ओळ निवडून कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. रोमन काला उमटला तर जुना फॉन्ट. ओळ निवडताच आली नाही तर पान म्हणजे नुसता फोटो आहे. मराठी उमटले पण वेलांटी नि रफार भलतीकडे गेले, तर मजकूर युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत) असूनही पीडीएफने क्रम मोडलेला आहे, तेव्हा मूळ वर्ड फाइलच मागवा.

जुना फॉन्ट निघाला तर संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स असे जाऊन नाव बघा आणि जुन्या फॉन्टचे युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये तोच फॉन्ट निवडा. ‘जवळपासचा’ फॉन्ट निवडणाऱ्यांची जोडाक्षरे हमखास बिघडतात. बदललेल्या मजकुरात मी आधी रफार, ‘ळ’, अवतरणचिन्हे आणि ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र तपासतो. हा र दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला दोन्ही सारखेच असतात, पण एका प्रकाराने शोधले तर दुसरा सापडत नाही.

पान फोटो असेल तर ३०० डीपीआयने स्कॅन करा, २ एमबीच्या आत राहतील असे छोटे तुकडे करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. मजकूर मिळतो. कन्नड जाहिरातींची पाने आधीच वेगळी काढा.

दुसरी मोठी चूक म्हणजे पीडीएफ जशीच्या तशी सहा इंची किंडलवर कोंबणे. त्या पडद्याची रुंदी साधारण साडेतीन इंच. ए-फोर पान सव्वाआठ इंच रुंद. म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम ५ पॉइंटचे होते, आणि लोक डोळ्यांचा नंबर वाढला म्हणून चष्मेवाल्याकडे जातात. साध्या पुस्तकाला यंत्र आडवे धरले तरी निभावते. स्कॅन केलेल्या जाड ग्रंथांना के-टू-पीडीएफ-ऑप्ट हा मोफत प्रोग्रॅम वापरा. तो शब्दांमधली मोकळी जागा पाहून पानाचे तुकडे करतो आणि छोट्या पडद्यावर नव्याने मांडतो. लिपी कोणती याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

केबल जोडून ईपब टाकली तर किंडल ती उघडत नाही. ईपब ॲमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ सेवेनेच पाठवा. केबलनेच टाकायची असेल तर कॅलिबर या मोफत प्रोग्रॅममध्ये तिची एझेडडब्ल्यू-थ्री (किंडलची स्वतःची फाइल) करून घ्या. मोबी या जुन्या प्रकारची फाइल पाठवायची सोय बंद झाली आहे, जुने व्हिडिओ पाहून त्या वाटेला जाऊ नका. ईमेलने पाठवलेली फाइल पोहोचत नसेल तर तुमचा ईमेल पत्ता ॲमेझॉन खात्यातल्या मंजूर यादीत आहे का, ते आधी बघा.

कॅलिबरमध्ये भाषेच्या रकान्यात मराठी लिहा. ज्या फॉन्टमध्ये अक्षरांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात, त्यात मराठी ‘ल’ आणि ‘श’ येण्याची शक्यता त्यानेच वाढते. अक्षर आवडत नसेल तर टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट उतरवून किंडलच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये ठेवा.

खानापूरच्या पावसात साधे किंडल उघडे काढू नका, ते पाणीरोधक नसते. किंडलचे पेपरव्हाइट हे मॉडेल २०१८ पासून पाणी सोसते, पण चार्जिंगचे भोक ओले असताना केबल लावायची नाही. आणि गर्दीच्या बसमध्ये पिशवीत जेवणाच्या डब्याला चिकटून ठेवू नका. आतली काच दाबाने तडकते, बाहेर ओरखडाही दिसत नाही.