कॉलनंतरचा रिटर्न कोड: आधी उचलून ठेवा

बेळगाव, निपाणी, खानापूरकडची काही मुलं-मुली बँकांची रात्रीची मेनफ्रेम बॅच (मोठ्या संगणकावर एकामागून एक आपोआप चालणारी कामं) सांभाळत असतील. कोबॉल भाषेतल्या प्रोग्राममध्ये त्यांना हटकून फसवणारी ही जागा: ‘रिटर्न-कोड’, म्हणजे कॉल केलेलं रुटीन (छोटा प्रोग्राम) परत येताना देतं तो निकालाचा आकडा.

‘रिटर्न-कोड’ आपण डिक्लेअर करत नाही. कंपायलरच देतो, एस९(४) बायनरी (चिन्हासह चार अंकी), सुरुवातीला शून्य. ही एकच पाटी आहे. कॉल परत आला की रजिस्टर १५ (प्रोसेसरमधला आकडा ठेवायचा कप्पा) मधला आकडा तिच्यावर उमटतो, आधीचा पुसला जातो.

समजा, चिकोडीकडच्या शेतकऱ्यांची ऊसबिलं खात्यावर जमा करायची आहेत. खातं तपासणाऱ्या रुटीनने ८ दिला, म्हणजे खातं बंद. लगेच लॉग लिहिणारं रुटीन कॉल झालं आणि ० घेऊन आलं. शेवटी गोबॅक, म्हणजे प्रोग्राम संपवून परत जायची आज्ञा. जॉबला दिसतं ००००, पुढची स्टेप बिनधास्त सुटते. म्हणून कॉलच्या अगदी खालच्या ओळीत:

मूव्ह रिटर्न-कोड टू डब्ल्यूएस-तपास-कोड

सगळ्यांत मोठा कोड वेगळ्या फील्डमध्ये जपा आणि गोबॅकच्या जस्ट आधी रिटर्न-कोडमध्ये टाका. मधल्या एसक्यूएलवरही (डेटाबेसला दिलेल्या आज्ञांवरही) भरवसा नको: डीबी२ या डेटाबेसचा प्रीकंपायलर कंपाइलच्या आधी त्याचाही कॉलच करतो. सबप्रोग्राममध्ये सुरुवातीलाच शून्य मूव्ह करायची सवय लावा.

खरा घोळ असेंब्लर (यंत्राच्या जवळची भाषा) रुटीनचा. काम नीट झालेलं असतं, पण कोड येतो २३१२ असा काहीतरी, आणि उद्या वेगळाच. कारण जपून ठेवलेली रजिस्टरं परत भरणाऱ्या शेवटच्या ‘एलएम १४,१२,१२(१३)’ ने रजिस्टर १५ मध्ये जुनाच आकडा परत येतो, तो म्हणजे रुटीनच्या एंट्री पॉइंटचा (जिथून ते सुरू होतं त्या जागेचा) पत्ता. रुटीन मेमरीत दुसरीकडे लोड झालं की आकडाही बदलतो. उपाय एका ओळीचा: ‘एलएम’ नंतर, परत पाठवणाऱ्या ‘बीआर १४’ च्या आधी ‘एसआर १५,१५’, म्हणजे रजिस्टर १५ शून्य करा. ‘एलएम’ च्या आधी घातलं तर उपयोग शून्य.

कॉलला ‘रिटर्निंग’ लावलं असेल तर रिटर्न-कोड बदलतच नाही. निकाल त्या फील्डमध्ये बघा. सॉर्टचा निकाल ‘सॉर्ट-रिटर्न’ मध्ये येतो: ० किंवा १६.

जेसीएलला (जॉबच्या स्टेप ठरवणाऱ्या भाषेला) फक्त खालचे १२ बिट दिसतात, म्हणजे ० ते ४०९५. तुम्ही ४०९६ दिला तर तिथे ० पोचतो, उणे १ दिला तर ४०९५. ०, ४, ८, १२, १६ यांतच राहा. आणि ‘कॉन्ड=(४,एलटी)’ उलटं वाचायचं: ४ हा आधीच्या कुठल्याही स्टेपच्या कोडपेक्षा लहान असेल, तर ही स्टेप सोड. नवीन जेसीएलमध्ये सरळ ‘इफ-देन’ लिहा.