पुस्तक मिटून केलेला अभ्यास : पहिल्यांदाच मोठ्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी

नाशिकमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवताना पालकांची एक तक्रार मला दरवर्षी ऐकू येते. मुलगा दिवसभर पुस्तक घेऊन बसतो, विचारले तर सगळे येते म्हणतो, आणि पेपर हातात पडला की त्याला काही आठवत नाही. ही तक्रार खरी असते आणि मुलगाही खोटे बोलत नसतो. पुस्तक समोर उघडे असताना त्यातली प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, आणि ओळ ओळखीची वाटली म्हणजे ती आपल्याला येते, असा त्याचा प्रामाणिक समज झालेला असतो. परीक्षेत मात्र कोऱ्या पानावर आठवून लिहावे लागते आणि त्याचा सराव त्याने कधी केलेलाच नसतो. यंदा पहिल्यांदाच बोर्डाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी हे वर्षाच्या सुरुवातीलाच समजून घेतले, तर त्यांचे पुष्कळ कष्ट वाचतील. म्हणून माझ्या वर्गात जे उपयोगी पडताना मी पाहिले आहे, ते येथे सविस्तर मांडते.

मी मुलांना एक सवय आग्रहाने लावते. धडा एकदा नीट समजून वाचला की पुस्तक मिटायचे, रफ वहीचे कोरे पान घ्यायचे आणि धड्यातले जे आठवेल ते स्वतःच्या शब्दांत, आकृत्यांसह लिहून काढायचे. आठवणे पूर्ण थांबले की मगच पुस्तक उघडायचे आणि राहिलेले लाल पेनाने भरायचे. दहावीच्या विज्ञानातला भिंगांचा धडा घ्या. बहिर्गोल भिंगासमोर वस्तू वेगवेगळ्या सहा ठिकाणी ठेवली असता प्रतिमा कोठे आणि कशी मिळते, याचा तक्ता वाचायला अगदी सोपा वाटतो. एका विद्यार्थिनीला मी त्या सहाही आकृत्या पुस्तक मिटून काढायला सांगितल्या. पहिल्या पाच तिने बरोबर काढल्या. वस्तू नाभी आणि प्रकाशीय केंद्र यांच्या दरम्यान असताना मात्र तिने सवयीने प्रतिमा भिंगाच्या पलीकडे दाखवली. मी तिला किरण पट्टीने पुढे वाढवायला सांगितले, तेव्हा ते एकमेकांपासून दूरच जात राहिले. मग तेच किरण तिने तुटक रेषांनी मागे वाढवले आणि प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, आभासी, सुलट आणि मोठी मिळाली. तोच तक्ता तिने आदल्या दिवशी पुन्हा पुन्हा वाचला होता, आणि त्या वाचनात ही सहावी स्थिती तिला कोठेही अडली नव्हती.

या सवयीला संशोधनाचाही आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांना लक्षणीयरीत्या जास्त आठवत होते. परीक्षेच्या आदल्या रात्री चार वेळा वाचून ‘सगळे झाले’ असे का वाटते आणि पुढच्या चाचणीपर्यंत ते का टिकत नाही, याचे उत्तर मला या निष्कर्षात सापडते. आठवताना जी दमछाक होते ती अभ्यास कच्चा असल्याची खूण आहे असे मानून मुले घाबरतात आणि पुन्हा पुस्तक उघडतात. मी त्यांना सांगते की तेथे आणखी दोन मिनिटे थांबा, कारण तीच मिनिटे सर्वांत जास्त कामाची असतात.

दुसरी गोष्ट उजळणीच्या अंतराची. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवले की शिकलेले सुरुवातीला फार वेगाने विसरते, नंतर तो वेग मंदावतो, आणि एकाच बैठकीत पाठ करण्यापेक्षा उजळणी अनेक दिवसांत विभागली तर कमी श्रमात काम होते. म्हणून शाळेत धडा झाला त्याच संध्याकाळी दहा मिनिटे, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याभराने त्याच धड्याकडे परत यावे, आणि प्रत्येक वेळी आधी पुस्तक मिटून सुरुवात करावी. अनुक्रमणिकेच्या पानावर धड्यासमोर पेन्सिलीने तारीख टाकली की वेगळ्या वेळापत्रकाची गरज उरत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना तर या पद्धतीवाचून पर्याय नाही. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांचा हंगाम जानेवारीपासून जोर धरतो आणि नेमक्या त्याच दिवसांत पूर्वपरीक्षा, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिके आणि लेखी परीक्षा येतात. घरात माणसांचा राबता असतो, बागेत हात कमी पडतात, आणि मुलाला सलग चार तास मिळणे दुरापास्त होते. अशा घरांतल्या मुलांनी नवे शिकणे डिसेंबरपर्यंत संपवावे, म्हणजे हंगामात केवळ उजळणी उरते आणि ती अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांतही उत्तम होते. शहरातल्या मुलांसाठी रंगपंचमीचेही सांगायला हवे. ती परीक्षेच्या दिवसांतच किंवा त्यांच्या अवतीभवती येते, आणि जुन्या नाशकातल्या मुलाला रहाडीचे, म्हणजे रंगपंचमीला रंगीत पाण्याने भरलेल्या जुन्या हौदाचे, आकर्षण असणे स्वाभाविक आहे. त्या दिवशी अभ्यास किती होईल हे आधीच प्रामाणिकपणे ठरवावे. नियोजनात सुट्टी धरलेली असली की ती घेतल्याची रुखरुख लागत नाही.

गणितासाठी मी एक वेगळी वही ठेवायला लावते, तिला आम्ही चुकांची वही म्हणतो. घटक चाचणीचा पेपर मिळाला की मुले गुण पाहतात आणि पेपर दप्तरात कोंबतात. खरा अभ्यास तर त्या पेपरात असतो. या वहीत चुकलेले उदाहरण, चूक जेथे झाली ती पायरी आणि चुकीचे कारण अशा तीन गोष्टी लिहायच्या. ‘निष्काळजीपणा’ हे कारण मी मान्य करत नाही, कारण त्यावर काही उपाय करता येत नाही. वर्गसमीकरणाच्या सूत्रात ‘बी’ची किंमत उणे ७ असताना ‘उणे बी’ म्हणजे अधिक ७ होतात, तेथे उणे ७ च लिहिले, इतके नेमके कारण लिहिले तर पुढच्या वेळी पेन त्याच जागी थांबते. महिन्याभरात प्रत्येकाच्या वहीत त्याच त्या दोन-तीन प्रकारच्या चुका दिसू लागतात. कोणाचे चिन्ह चुकते, कोणी एकक लिहायचे विसरतो, तर कोणी प्रश्न अर्धाच वाचतो.

सरावसंचातली सगळी उदाहरणे एकाच प्रकारची असतात आणि त्यामुळे रीत आधीच ठाऊक असते. पेपरात मात्र कोणती रीत लावायची हेच आधी ओळखावे लागते. त्यासाठी आठवड्यातून एकदा समरूपता, वर्तुळ आणि त्रिकोणमिती यांतली उदाहरणे चिठ्ठ्यांवर उतरवून मिसळावीत आणि हाताला येईल ती सोडवावी.

वेळेचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे मिळतात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे प्रत्येकी सव्वा मिनिटाहूनही कमी वेळ. हे आकडे माहीत असलेला मुलगा एका प्रश्नापाशी अडून बसत नाही. निदान पूर्वपरीक्षेआधी दोन-तीन जुने पेपर घड्याळ लावून, मध्ये न उठता सोडवावेत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. अभ्यासाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. झोप कमी करून मिळवलेले तास दुसऱ्या दिवशी वर्गात वाया जातात. ओळींखाली रंग ओढल्याने पान सजते, पण आठवण पक्की होत नाही. अभ्यासिकेत लिहून उजळणी करावी आणि बोलून करायची उजळणी घरी ठेवावी, कारण एखादे कारण स्पष्ट मोठ्याने समजावून सांगता येणे हीसुद्धा तितकीच चांगली चाचणी आहे.

पालकांना माझी एक विनंती आहे. संध्याकाळी ‘किती धडे झाले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय शिकलास, मला सांग बरं’ असे विचारावे. विषय आपल्याला येत नसला तरी चालेल. ज्या आईला अपवर्तन म्हणजे काय हे ठाऊक नाही, तिला ते समजेल असे सांगताना मुलाचा कस लागतो. सांगता सांगता तो अडला तर रागावू नये आणि उत्तरही पुरवू नये. त्याला आठवायला थोडा वेळ द्यावा, आणि तरीही जमले नाही तर पुस्तक त्याच्या हाती देऊन ते पान त्यालाच शोधू द्यावे.