ड्यूब्युकच्या जुन्या घरातला गारठा असा थांबवला

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ड्यूब्युक शहरात मिसिसिपीकाठच्या टेकड्यांवर एकोणिसाव्या शतकातली लाल विटांची घरं अजूनही भाड्यानं मिळतात. उंच छत, रुंद लाकडी चौकटी. मला ही घरं मनापासून आवडतात. पण जानेवारीत एकेरी काचेच्या खिडक्यांतून बोचरा वारा आत घुसतो.

वारा नेमका कुठून येतो ते पाहायला उदबत्ती लावून चौकटीभोवती फिरवली. धूर सगळ्यात जास्त हलला तो वरची आणि खालची काच जिथे मिळते त्या मधल्या पट्टीपाशी आणि खिडकी वर-खाली सरकवणाऱ्या दोरीच्या कप्पीपाशी. मधल्या फटीत दोरीसारखी मऊ पुट्टी बोटानं दाबून बसवली, कप्पीवर टेप लावली. पुट्टी वसंतात सहज निघते, म्हणून घरमालकाचीही हरकत नव्हती. मग आतून पारदर्शक प्लास्टिक दुहेरी टेपनं चिकटवून हेअर ड्रायरनं ताणलं. पडदे हलायचे थांबले! बाहेरची स्टॉर्म विंडो, म्हणजे मूळ खिडकीबाहेर बसवलेली जादा खिडकी, बंद ठेवा, पण तिच्या तळाची बारीक भोकं बुजवू नका. ओल तिथूनच बाहेर पडते.

जुना रंग मात्र खरवडू नका. १९७८ पूर्वीच्या घरांत त्यात शिसं असू शकतं. त्याची जी माहिती घरमालकाकडे असेल ती त्यानं करार करण्याआधीच देणं कायद्यानं बंधनकारक आहे. घरात लहान मूल असेल तर ती आवर्जून मागून घ्या.