कोल्हापुरात ऊन, तरी पंचगंगा का चढते?

नवीन रुजू झालेले शिक्षक हमखास विचारतात, "समस्याधारित अध्ययन म्हणजे प्रकल्पच ना?" नव्हे. प्रकल्पात आधी धडा होतो, मग तक्ता आणि थर्माकोल, आणि खरं सांगायचं तर आईचं जागरण. इथे आधी प्रश्न येतो, धडा गरज पडेल तसा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 1960च्या दशकाअखेरीस भावी डॉक्टरांसाठी सुरू झालेली ही पद्धत चौथीतही चालते. अट एकच, प्रश्न पोरांना आपला वाटला पाहिजे.

करवीर तालुक्यात जुलैमध्ये असा प्रश्न शोधावा लागत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज पेपरात येते. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे पोरांना तोंडपाठ असतं. मी आकडे फळ्यावर लिहितो आणि विचारतो, "इथे कालपासून ऊन आहे, मग पाणी का वाढलं?"

फळ्याचे तीन भाग करा: माहीत काय, वाटतं काय, शोधायचं काय. खरी गंमत मधल्या रकान्यात असते.

"धरणाचं पाणी सोडलंय, सर."
"कशावरून?"
"पप्पा म्हणाले."
"बरं. दारं कधी उघडली ते बघून ये."

दुसऱ्या दिवशी तोच पोरगा पेपर नाचवत आला, "सर, दारं उघडायच्या आधीच पाणी चढलं हुतं की!" मग नकाशा निघाला. पंचगंगेला पाणी देणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांवरून बोटं फिरली आणि गाडी वर घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याच्या पावसावर आली. एका मुलीने विचारलं, "मग तिकडचा पाऊस बघून उद्याचं पाणी आज सांगता येईल?" हा प्रश्न पुस्तकात नाही.

अशा वेळी उत्तर जिभेवर आलं तरी गिळायचं. सगळ्यात अवघड तेच. गट चार-पाच जणांचे, हुशार आणि गप्प पोरं मिसळून. परिसर अभ्यास आणि गणिताच्या तासिका जोडून घ्या. वहीत प्रत्येकाने लिहायचं: आधी काय वाटत होतं, आता काय वाटतं, कशावरून. मूल्यमापनाला ते पुरतं. केंद्रप्रमुखांनी नोंदी मागितल्या तर फळ्याचे फोटो दाखवा. माहिती पेपरातूनच घ्यायची, पोरांना नदीकडे पाठवायचं नाही.

आणि 2019 ला घरात पाणी शिरलेल्या गावात तुमची शाळा असेल, तर पहिला प्रश्न पुराचा नको. तिथे घराघरांत अजून धास्ती आहे. शाळेच्या टाकीतलं पाणी दुपारीच का संपतं, इथून सुरुवात करा.