बॅकअपला मेमरी पुरत नाही? रॅम घेण्याआधी या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचा लिनक्स सर्व्हर मी बघतो. ४ जीबी रॅम, डिस्कवर कास्टिंगची ड्रॉइंग आणि बिलं. रात्री दोनला बॅकअप, सकाळी मालकांचा फोन, "झाला काय हो?" एकदा सलग तीन दिवस झालाच नाही. मालक खडेबाजारात रॅमचा भाव विचारून आले.

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, एकच आकडा होता, १३७. म्हणजे १२८ अधिक ९: नऊ नंबरच्या सिग्नलनं प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, मारली गेली. अशा वेळी आधी डीमेसेज (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवून 'आउट ऑफ मेमरी'ची ओळ शोधा. मात्र मेला तोच खादाड, असं धरून चालू नका. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, साधारणपणे त्या घडीला जास्त मेमरी धरून बसलेल्याला गाठतो. आमच्याकडे पहिल्या दोन रात्री डेटाबेस मेला आणि बोल सगळा डेटाबेसला लागला.

खरा गुन्हेगार स्क्रिप्टमध्ये होता. टार (tar) सगळ्या फाईलींचा एक गठ्ठा करतो, त्याचा आउटपुट एक्सझेड (xz) या दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला, तोही लेव्हल ९ आणि चार थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चार कामं. एका थ्रेडलाच लेव्हल ९ ला ६७४ एमबी लागतात, थ्रेड वाढले की हिशेब कुठल्या कुठे जातो. लेव्हल ६ ला ९४ एमबीत भागतं. स्कॅन केलेले फोटो आणि पीडीएफ तसेही फारसे दबत नाहीत, त्यामुळे मी सरळ जीझिप (gzip) हा साधा, कमी दाबणारा प्रोग्राम लावला. फाईल थोडी मोठी झाली, होऊ दे.

दुसरी चूक माझीच. बॅकअपची फाईल आधी टेम्प (/tmp) या तात्पुरत्या फोल्डरमध्ये बनत होती, आणि तिथे टेम्प म्हणजे टीएमपीएफएस (tmpfs), म्हणजे रॅमच! डीएफ (df, डिस्कची जागा दाखवणारी कमांड) चालवून फाईल सिस्टिमचा टाईप बघितला असता तर एक रात्र वाचली असती. आता फाईल थेट बॅकअपच्या डिस्कवर बनते.

आरसिंक (rsync, फाईली एका जागेहून दुसरीकडे कॉपी करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर दोन्ही टोकांना ३.०.० किंवा पुढची आवृत्ती हवी. २००८ आधीची आवृत्ती फाईलींची सगळी यादी मेमरीत घेऊन बसायची, फाईलमागे साधारण १०० बाईट. वीस लाख फाईल झाल्या की २०० एमबी यादीतच गेले. नव्या आवृत्तीतही मूळ जागी नसलेल्या फाईली बॅकअपमधून काढायला डिलीट-बिफोर किंवा डिलीट-आफ्टर हा पर्याय दिला तर पुन्हा अख्खी यादी. डिलीट-ड्युरिंग लावा.

आणि मेमरी दाखवणाऱ्या फ्री कमांडमधला 'फ्री' रकाना बघून घाबरू नका, कॅश (डिस्कवरची माहिती पटकन मिळावी म्हणून रॅममध्ये ठेवलेली प्रत, लागली तर मोकळी होते) त्यात मोजलेली नसते. 'अव्हेलेबल' बघा.

मालकांनी रॅम आणलीच शेवटी. ती अकाउंट्सच्या पीसीत बसली.