मेका-क्वार्ट्झ क्रोनोग्राफ: आधी बिघाड कोणत्या मशीनचा ते ओळखा, या चुका टाळा

मेका-क्वार्ट्झ घड्याळाच्या पोटात दोन स्वभावांची मशीनं एकत्र नांदतात. वेळ दाखवणारं मशीन सेलवर चालतं. सेलमुळे क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, सर्किट ती थरथर मोजून सेकंदाला एक ठोका काढतं आणि बारीक मोटर काटे पुढे ढकलते. क्रोनोग्राफचा, म्हणजे स्टॉपवॉचसारखी वेळ मोजणारा काटा चालवायलाही मोटरच असते. पण बटन दाबल्यावर तो काटा शून्यावर आणण्याचं काम लिव्हर, स्प्रिंग आणि हातोडी करतात, जुन्या चावीच्या क्रोनोग्राफमध्ये करतात अगदी तसंच. 1980 च्या दशकात जेगर-लकूल्त्र या स्विस कंपनीने 630 नावाचं असं उंची मशीन काढलं, ते आयडब्ल्यूसी या दुसऱ्या स्विस कंपनीच्या घड्याळांतही बसलं. आज आपल्याकडे रिपेअरिंगला येतात ती बहुतेक सेईकोच्या व्हीके63 आणि व्हीके64 मशीनची घड्याळं. बिघाड या दोनपैकी कोणत्या भागात आहे हे न पाहता झाकण उघडलं, की चांगलं घड्याळ हातचं जातं.

बंद नसलेलं घड्याळ बंद समजणं

"भाऊ, हा मोठा काटा चालूनच नाई राह्यला, सेल टाकून द्या." तालुक्याच्या बसस्टँडजवळच्या कोणत्याही घड्याळाच्या दुकानात हे वाक्य कानी पडतं. मधला लांब काटा हा सेकंद काटा नाही, तो क्रोनोग्राफचा आहे. वरचं बटन दाबेपर्यंत तो बारावर उभाच राहणार. व्हीके63 ला साधा सेकंद काटा खालच्या छोट्या डायलमध्ये असतो. व्हीके64 ला तोही नसतो, म्हणून ते घड्याळ एका नजरेत मेल्यासारखं दिसतं. मिनिट काटा पाच मिनिटं पाहा आणि मग ठरवा. उजवीकडच्या छोट्या डायलचा काटा हलत नाही, ही तक्रारही अशीच. तो चोवीस तासांचा काटा आहे, तास काट्याला बांधलेला, दिवसाकाठी एकच फेरी मारतो.

याच गैरसमजातून काही जण क्रोनोग्राफ कायम चालू ठेवतात. लांब काटा फिरताना दिसला की मनाला बरं वाटतं, हे समजण्यासारखं आहे. पण ती मोटर सेकंदाला पाच ठोके देते आणि प्रत्येक ठोक्याला सेल खर्ची पडतो. या मशीनचा सेल तीनेक वर्षं पुरतो हा हिशेब क्रोनोग्राफ दिवसातून थोडाच वेळ चालेल असं धरून केलेला आहे.

काटा शून्यावर येत नाही

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. क्रोनोग्राफ काट्याच्या आसाला हृदयाच्या आकाराचा एक कॅम, म्हणजे छोटी चकती असते. अडोल्फ निकोलने 1844 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं तीच ही युक्ती. खालचं बटन दाबलं की हातोडी त्या कॅमच्या कडेवर पडते, आणि कॅम कुठल्याही कोनात असला तरी घसरत घसरत एकाच जागी येऊन बसतो. म्हणून काटा क्षणात झटक्याने परततो. सगळं काम सेलवरच करणाऱ्या क्रोनोग्राफमध्ये हातोडी नसते. तिथे मोटर काट्याला गरगर फिरवत शून्यावर आणते.

फरक ओळखायची परीक्षा हीच: खालचं बटन दाबा आणि काटा कसा परततो ते पाहा. गरगर फिरत आला आणि दोन सेकंद पुढे-मागे थांबला, तर त्या घड्याळाची चावी ओढून बटनाने काटा जुळवता येतो. झटक्यात आला आणि तरीही पुढे-मागे थांबला, तर ती युक्ती विसरा. मोबाईलवर व्हिडिओ पाहून मेका-क्वार्ट्झची चावी ओढून बटनं दाबत बसण्यात काही हशील नाही. एकदा बटन पूर्ण, ठाम दाबून पाहा, कारण अर्धवट दाबल्यास हातोडी पूर्ण खाली बसत नाही. तरीही फरक राहिला तर काटा आसावर सरकला आहे. कच्च्या रस्त्यावर मोटरसायकलचे दणके बसले की असं होतं. कारागिराने हातोडी कॅमवर बसलेली ठेवून काटा काढावा आणि बारावर घट्ट बसवावा. सैल बसवला तर प्रत्येक झटक्याला पुन्हा सरकेल.

क्रोनोग्राफ चालू असताना खालचं बटन जोराने दाबू नका. आधी वरच्या बटनाने थांबवा. बटन अडलं तर अंगठ्याचा जोर लावू नका.

आणि शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्यांची वेळ या घड्याळाने घेऊ नका. सेकंदाचे पाचच भाग पडतात, म्हणजे 0.2 सेकंदाच्या आतला फरक यात दिसतच नाही. तिथे निकाल त्याहून बारीक फरकाने लागतो.

उन्हात घड्याळ मागे पडतं

क्वार्ट्झचा तुकडा साधारण 25 अंशाला नीट लावलेला असतो. गरम झाला काय किंवा थंड झाला काय, तो हळूच होतो. 45 अंशाला दिवसाला साधारण सव्वा सेकंद मागे पडतो. मे महिन्यात टिनाच्या खोलीत फळीवर ठेवलेलं घड्याळ महिन्याला अर्ध्या मिनिटाच्या वर मागे पडलं तर त्यात बिघाड नाही. हातात घाला, अंगाची ऊब त्यापेक्षा बरी. स्पीकरवर ठेवलेलं घड्याळ थांबत असेल तर तेही तसंच: चुंबक दूर झाला की मोटर चालू होते, फक्त वेळ पुन्हा लावावी लागते.

तारीख रात्री नऊ ते एकच्या दरम्यान बदलू नका. त्या वेळी तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात.

ओल आधी कुठे लागते

फवारणी करून आल्यावर घड्याळ नळाखाली धरायचं आणि धुता धुता बटनं दाबून पाहायची, ही सवय मोडा. बटनाच्या दांड्याभोवतीची रबरी रिंग थोडी जरी झिजली असली तरी दाबताना पाणी आत जातं. काचेआड धुकं दिसलं तर उन्हात ठेवू नका, तांदळाच्या डब्यातही नको. त्याच दिवशी झाकण उघडून घ्या. गंज आधी हातोडी आणि लिव्हरला लागतो, आणि सेलचा भाग मात्र त्या काळात बिनबोभाट वेळ दाखवत राहतो. म्हणून महिनाभर कुणाला शंका येत नाही, आणि मग एक दिवस बटन आत गेलं की बाहेर येत नाही.